चायनीज न्यू इयरला सिंगापुरात लायन डान्स कुठे बघावा? की तो पर्यटकांसाठीचाच देखावा असतो?

"चार दिवस येतोय, ड्रॅगन डान्स कुठे दिसेल? पर्यटकांसाठीचाच असेल तर चायनाटाउनचे दिवे बघून निघू, शेवटी दोन माणसं कापडात शिरून नाचतात तेवढंच ना," असं तुम्ही विचारलंय. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि कणीक तशीच झाकून लिहायला बसले. माझी मुलगी त्या कापडात असते. मागच्या बाजूला.

आधी नाव नीट घ्या. ड्रॅगन लांबलचक असतो, तो काठ्यांवर उचलून आठ-दहा जण पळवतात. सिंहात दोघंच. एक डोकं, एक शेपूट. शिवाय ढोल, झांजा आणि घंटा वाजवणारे.

दिवे जरूर बघा. न्यू ब्रिज रोड आणि यू टोंग सेन स्ट्रीटवर चिनी राशिचक्रातल्या त्या वर्षाच्या प्राण्याची रोषणाई असते, आणि पॅगोडा स्ट्रीटच्या टोकाला मरिअम्मनचं देऊळ आहे, १८२७ सालापासूनचं. पण सिंह बघायचा तर वस्तीत जा. पहिले दोन दिवस सुट्टी, बरीच दुकानं बंद. मग जो तो आपला मुहूर्त बघून दुकान उघडतो आणि त्या दिवशी सिंह बोलावतो. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन होतं, तसाच भाव. तो सिंह पर्यटकांसाठी नसतो, दुकानाच्या बरकतीसाठी असतो.

आमच्या ब्लॉकखाली एक हार्डवेअरचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे मुलीच्या पथकाला बोलावणं होतं. तेव्हा ती पंधराची. नेमके माझे धाकटे दीर डोंबिवलीहून आमच्याकडे आलेले. मी सगळ्यांना तासभर आधी खाली नेऊन उभं केलं. लॉरीतून ढोल उतरला, दारावर लेट्यूसचा गड्डा टांगलेला, त्यात लाल आंगपाव, म्हणजे पैशांचं पाकीट. कँटोनीजमध्ये लेट्यूसचा उच्चार आणि धन वाढण्याचा उच्चार जवळजवळ सारखा, म्हणून सिंह तो खातो आणि पानं फाडून लोकांवर उधळतो. अंगावर पडली तर झटकू नका, तो आशीर्वाद असतो.

गड्डा उंच होता. डोक्यातला मुलगा उडाला, त्याच क्षणी माझ्या मुलीने त्याच्या कमरपट्ट्याला धरून त्याला वर खेचला आणि आपल्या मांड्यांवर उभा केला. तो वर डोळे मिचकावतोय, कान हलवतोय, लेट्यूस चावल्यासारखं करतोय, आणि ही खाली गुडघे वाकवून तशीच. मला कापडाखालून फक्त तिचे पाय दिसत होते. पिवळ्या झालरीच्या विजारीत पोटऱ्या थरथरत होत्या, पण बूट फरशीवरून तसूभर सरकला नाही. मग सिंहाने सोललेल्या संत्र्यांचे चार आकडे मांडले (इथे लोक त्यावर लॉटरी लावतात), तोंडातून लाल पट्टी सोडली, टाळ्या झाल्या.

डोकं उतरवून मुलगा बाहेर आला, सगळे त्याच्याभोवती. ही मागून निघाली, टी-शर्ट पिळून काढावा इतका ओला. काकांजवळ धावत आली, "काका, व्हिडिओ दाखवा!" सात मिनिटांच्या व्हिडिओत नुसतं डोकं. भाऊजी म्हणाले, "अगं, पण तू होतीस कुठे?" आणि रात्री घरच्या ग्रुपवर लिहिलं, "पोरीला पुढे तरी उभं करा, मान खाली घालून दुसऱ्याचं ओझं कशाला उचलायचं?" तिने ते वाचलं. आठवडाभर सरावाला गेली नाही.

मला ते अजून सलतं. हेच भाऊजी कॉलेजात असताना तीन वर्षं गोविंदा पथकात खालच्या थरात उभे असायचे. खांद्यावरचे वळ आमच्या सासूबाईंना दाखवायचे. खालचा थर म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायला हवं होतं का?

शेपटीतलं माणूस पूर्ण वेळ कमरेत वाकलेलं असतं. समोर फक्त पुढच्याची पाठ आणि टाचा. ढोल ऐकायचा, टाचा बघायच्या आणि क्षण चुकवायचा नाही. चुकला तर पडतो तो पुढचा. आमच्याकडे सगळे तिला थोराड म्हणायचे, लग्नकार्यात फोटोत मागे उभी करायचे. पथकातल्या सरांनी पहिल्याच दिवशी तिची बैठक बघून सांगितलं, हिला शेपूट द्या. सहा महिने नुसती घोड्याची बैठक, म्हणजे गुडघे वाकवून उभं राहणं, आठवड्यातून दोन संध्याकाळी, कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. ती ताठ चालायला तिथे शिकली. पथकात मलय मुलगा आहे, एक तमिळ मुलगीही आहे, त्यामुळे "हे आपलं नाही" हा भाऊजींचा दुसरा मुद्दाही मला पटत नाही.

खांबांवरून उड्या मारणारा सिंह हवा असेल तर मलेशियात जा. उंच खांबांचा खेळ त्यांनीच वाढवला, गेंटिंगला १९९४पासून जागतिक स्पर्धा होते, आणि लायन डान्स त्यांचा २००७पासून राष्ट्रीय वारसा आहे. तिथेही मागच्याला पुढच्याला उचलूनच खांब बदलावा लागतो.

हो, मॉलमध्येही कार्यक्रम असतात आणि वेळा आधी जाहीर होतात. चार दिवसच असतील आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर तेच सोयीचं, त्यात कमीपणा नाही. वस्तीतल्या दुकानाची वेळ कुणी छापत नाही, लॉरीतून ढोल ऐकू आला की मागे जायचं. फटाक्यांची आशा धरू नका, १९७२पासून बंदी आहे. सरकारी सोहळ्यात परवानगीने फुटतात तेवढेच. तान्हं बाळ असेल तर ढोलापासून लांब उभे राहा.

आणि व्हिडिओ काढाल तेव्हा मोबाइल जरा खाली धरा, पाय येऊ द्या. मागचं मूल सगळ्यात शेवटी बाहेर येतं, तोवर थांबा.