डिस्कचं राइट कॅशिंग चालू ठेवलं तर डेटाबेसमधला डेटा जातो का?

लाइट गेली तर जाऊ शकतो. डिस्कच्या आत थोडी रॅम (हीच कॅश) असते, डेटा तिथे पोचला की डिस्क 'झालं लिहून' सांगून मोकळी होते आणि खरं लिखाण मागाहून होतं. आता पोस्टग्रेस, मायएसक्यूएल हे डेटाबेस डिफॉल्टमध्ये कमिटला (व्यवहार पक्का करताना) एफसिंक मारतात, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर उतरवायला सांगतात, आणि धड डिस्क असेल तर फ्लशची कमांड आल्यावर कॅश खरंच रिकामी करते, म्हणजे नुसतं कॅशिंग चालू असणं हा गुन्हा नाही. लोच्या तेव्हा होतो जेव्हा डिस्क किंवा रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) फ्लशला भीक घालत नाही, नाहीतर कोणीतरी स्पीडसाठी विंडोजमध्ये फ्लशिंग बंद करायची टिक मारून ठेवलेली असते.

मस्जिद बंदरच्या एका दुकानात हेच पाहिलं, भर पावसात मीटर रूममध्ये पाणी शिरलं, लाइट गेली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, आणि पीसी चालू केला तर शेवटची बिलं गायब, छापील पावत्या मात्र गिऱ्हाइकांच्या हातात!

डिस्क खरं बोलते का हे चेक करायचं असेल तर 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते आणि दर कमिटला साधारण एक फेरी लागते, त्यामुळे एकाच कनेक्शनवरून एकामागोमाग कमिट साधारण तेवढेच व्हायला हवेत, हजारो दिसले तर डिस्क थापा मारतेय असं समजा (रेड कार्डला चालू बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी). लिनक्सवर एचडीपॅरम या कमांडने कॅश बंद करता येते, स्लो होईल पण. पैसे असतील तर पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली एसएसडी घ्या, तिच्यात कपॅसिटर असतात, लाइट गेली तरी त्यांच्यावर उरलेला डेटा लिहून होतो. नुसत्या यूपीएसवर राहू नका, एसएमपीएस (पीसीच्या आतला पॉवर सप्लाय) उडाला तर तो काय करणार.