नवापूरच्या शेडमधून लसीच्या प्रयोगशाळेकडे

भाऊ, नमस्कार.

तुम्ही लिहिता : नवापुरात अंड्यांची पोल्ट्री आहे, लेक बारावीला आहे. नीटचा अभ्यास करायचा सोडून ती म्हणते, 'मी फ्लूची लस बनवणार.' यात पोट भरेल का, असं तुम्ही विचारता.

आधी तिचं म्हणणं नीट ऐका. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला, तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. २०२१ला पुन्हा कोंबड्या मारून पुरल्या, ते मात्र तिने बघितलं. तिच्या हट्टाचं मूळ मला तिथे दिसतं.

माणसांची फ्लूची लस आजही बहुतेक अंड्यातच वाढते. दहा-अकरा दिवस उबवलेलं अंडं उजेडासमोर धरून आत जीव आहे का ते बघतात, बारीक भोक पाडून विषाणू सोडतात आणि दोन-तीन दिवसांनी आतला द्रव काढून घेतात. तुमच्या शेडमधली अंडी चालत नाहीत. त्यासाठी फलित, खास जपलेल्या कळपाची लागतात. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून दरवर्षी लस नव्याने ठरवायची, आणि ती तयार व्हायला सहाएक महिने लागतात. त्यात बर्ड फ्लूने कोंबड्याच मेल्या तर अंडी आणायची कुठून? म्हणून आता पेशींमध्ये विषाणू वाढवणं, एमआरएनए (म्हणजे विषाणूचा तुकडा बनवायची सूचना शरीरालाच देणारी लस), असे बिनअंड्याचे मार्ग धरले जात आहेत.

लस देण्याच्या पद्धतीवरचं कामही तेवढंच मोठं आहे. नाकात फवारायची स्वाइन फ्लूची लस २०१०मध्ये पुण्यातच तयार झाली. अमेरिकेत फ्लूची लस असलेल्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीची माणसांवरची पहिली चाचणी २०१७ला प्रसिद्ध झाली. तिच्यावरच्या बारीक सुया कातडीत विरघळतात, आणि ४० अंशांतही ती पट्टी वर्षभर टिकली. बाजारात ती अजून नाही. पण धडगावच्या पाड्यावर लस थंड ठेवायचा बर्फाचा डबा खांद्याला लावून चढणाऱ्या नर्सताईंना विचारा, मे महिन्यात अशी पट्टी हातात असती तर काय झालं असतं!

आता शिक्षण. विषाणूचं वेड असेल तर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत विषाणुशास्त्राची एमएस्सी. पट्टी, फवारा यांत रस असेल तर एमएचटी-सीईटी देऊन बी.फार्म., पुढे जीपॅट ही प्रवेश परीक्षा आणि एम.फार्म. फार्मसीची चांगली सोय शिरपूरलाच आहे. नुसत्या बीएस्सीवर थांबली तर पगार बेताचा, हे स्पष्ट सांगते. पाच-सहा वर्षं शिकवायची तयारी ठेवा. संशोधनात जायचं तर पीएचडीची आणखी पाचएक वर्षं, पण त्यात फेलोशिप मिळते.

नीटचा फॉर्म भरू द्या, पण त्यासाठी घर गहाण टाकून एक वर्ष कोटाला पाठवू नका.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. विषाणू की पट्टी, हे मला तिच्याकडूनच ऐकायचं आहे.