हट्ट म्हणण्याआधी : लहानग्या लेकीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. शू पॉटीवर करते, पण शी आली की डायपर मागते आणि पडद्यामागे जाऊन उभी राहते. डायपर दिला नाही तर दोन-दोन दिवस शीच करत नाही. घरचे म्हणतात, हा हट्ट मोडायलाच हवा. काय करावं?

मोडायला जाऊ नका. मागेल तेव्हा डायपर द्या, कारण सध्या पॉटीपेक्षा रोज शी होणं जास्त महत्त्वाचं आहे. या वयात शी अडवण्यामागे बहुधा दुखणं असतं. कधीतरी कडक शी होताना दुखलेलं असतं, म्हणून पुढच्या वेळी मूल ती रोखून धरतं. शी आतड्यात जितकी थांबेल तितकं तिच्यातलं पाणी शोषलं जातं, ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. पडद्यामागे पाय आवळून, चवड्यांवर उभी राहून लाल झालेली मुलगी जोर करतेय असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ती सगळा जोर लावून शी आत थांबवत असते. फार साठलं तर कडक शीच्या बाजूनं पातळ शी झिरपून चड्डीला लागते. त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध देऊ नका, त्यानं कोंडी वाढते.

आधी शी मऊ करा. पाणी, फळं, भाज्या वाढवा. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, कारण दुधानं पोट भरलं की बाकीचं खाणं कमी होतं. एवढ्यानं भागलं नाही तर बालरोगतज्ज्ञांकडून शी मऊ करणारं औषध घ्या आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत द्या. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून औषध बंद करणं ही इथली नेहमीची चूक. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला आणि मुलीच्या मनातली भीती जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

दोनतीन आठवडे सलग न दुखता शी झाली की पुढे सरका. पहिल्यांदा डायपर घालूनच, पण बाथरूममध्ये. मग डायपरसकट पॉटीवर बसून. मग डायपर सैल करून. शेवटी उघडलेला डायपर पॉटीच्या भांड्यात अंथरून. एकेका पायरीला आठवडा लागला तरी लागू द्या, आणि अडली तर एक पायरी मागे या. बसवायची वेळ जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी ठेवा. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलू लागतं, त्याचा फायदा मिळतो. तीन ते पाच मिनिटं पुरेत. पाय लोंबकळते नकोत. खाली स्टूल ठेवून गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येऊ द्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, लघवी पूर्ण होत नाही, आणि मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यानं जंतुसंसर्ग लवकर होतो. पुसताना नेहमी पुढून मागे. अंघोळीच्या पाण्यात फेस करणारं काही नको. आत साबण लावू नका, साधं पाणी पुरतं. सर्दी-खोकला नसताना ताप आला तर डॉक्टरांना लघवीच्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. शीत रक्त, उलट्या, फुगलेलं पोट किंवा वजन न वाढणं यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

प्रश्न : दोन्ही हात धरून मी लेकीला गोल फिरवतो, तिला ते फार आवडतं. परवा खेळता खेळता ती एकदम रडली आणि डावा हात हलवेना. डॉक्टरांनी क्षणात बरा केला. आता हा खेळ बंदच करायचा का?

हाताला धरून फिरवणं बंद करा, खेळ नाही. लहान मुलांच्या कोपरात हाताच्या एका हाडाला धरून ठेवणारा कड्यासारखा पट्टा अजून सैल असतो. हात सरळ असताना ओढ बसली की हाड त्यातून किंचित निसटतं. साधारण पाच वर्षांपर्यंत हा धोका राहतो, आणि एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता जास्त. रस्त्यात पडताना मनगटाला दिलेला हिसका किंवा घट्ट बाहीतून ओढलेला हातही यासाठी पुरतो.

उचलायचं ते काखेत दोन्ही तळवे घालून. फिरवायचंही छातीशी धरूनच. पुन्हा असं झालं तर खूण ओळखीची आहे : हात थोडा वाकवून पोटाशी धरलेला, तळवा आत किंवा खाली, सूज नाही, दुसऱ्या हातानं खेळणं चालू. घरी बसवायचा प्रयत्न नको. पडल्यामुळे दुखत असेल किंवा सूज असेल तर हाड मोडलेलं असू शकतं.

प्रश्न : झोपल्यावर तास-दीड तासात नात किंचाळत उठते. डोळे उघडे असतात, पण मला ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलते. सकाळी तिला काहीच आठवत नाही.

आजी, ती जागी झालेलीच नसते. गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना असं होतं, म्हणून ते रात्रीच्या पहिल्या भागातच दिसतं. वाईट स्वप्न पडलं तर मूल खरोखर जागं होतं, तुम्हाला बिलगतं, आणि ते बहुधा पहाटेकडे होतं. हिला हलवून जागं करू नका, त्यानं गोंधळ लांबतो. जवळ बसा, पलंगावरून पडू देऊ नका, काही मिनिटांत ती आपोआप शांत झोपेल.

कारण पुष्कळदा अपुरी झोप असतं. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपार धरून ११ ते १४ तास झोप लागते. दुपारची झोप घाईनं बंद केली असेल तर पुन्हा सुरू करा आणि रात्री अर्धा तास लवकर झोपवा. अंग ताठ होणं, एकसारखे झटके येणं, एका रात्रीत अनेकदा असं होणं किंवा मोठ्यानं घोरणं असेल तर डॉक्टरांना दाखवा. फोनवर काढलेला व्हिडिओ सोबत न्या.

प्रश्न : मुलीचे हजारो फोटो फोनमध्ये पडून आहेत. तिच्या या दिवसांच्या आठवणी नीट जपायच्या तर काय करावं?

फोटो कमी काढा, आवाज जास्त जपा. मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते, त्यामुळे तिचे आत्ताचे दिवस तिला तुमच्याकडूनच कळणार आहेत. चेहरा फोटोत सापडतो, पण बोबडे शब्द बघता बघता नीट होतात आणि नंतर कुणालाच ते जसेच्या तसे म्हणून दाखवता येत नाहीत. ती एकटी खेळताना स्वतःशी बोलते ते ध्वनिमुद्रित करा. फोन हातभर अंतरावर, तिला दिसणार नाही असा ठेवा, पंखा बंद करा आणि सुरुवातीला तारीख तुमच्या तोंडानं म्हणा. 'म्हणून दाखव' म्हटलं की मुलं गप्प होतात.

फोटो काढताना खाली बसून कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. खिडकीचा उजेड तिच्या बाजूनं येऊ द्या, फ्लॅश बंद ठेवा, लेन्स पुसा. पळत्या मुलीचे फोटो पुसट येतात ते कमी उजेडामुळे, म्हणून तसे क्षण दिवसा टिपा. नुसता चेहरा नको. तिचं ताट, चपला, खेळण्यांचा पसारा चौकटीत असू दे, वीस वर्षांनी डोळे तेच शोधतात.

महिन्याचा एक ठरावीक दिवस धरून दहाच फोटो निवडा, फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला आणि दोन वेगळ्या जागी प्रती ठेवा. चॅटवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो आकुंचन पावतो, त्याला मूळ प्रत समजू नका. निवडलेले दहा कागदावर छापून घ्या, कारण अल्बम ती स्वतः उघडू शकते. अंघोळीचे किंवा उघड्या अंगाचे फोटो कुणालाही पाठवू नका.

अल्बम बघताना 'हा कोण?' एवढ्यावर थांबू नका. 'तेव्हा पाऊस आला, मग आपण कुठे लपलो?' असं विचारा, तिच्या एका शब्दाला आपली दोन वाक्यं जोडा. असं तपशिलात बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना पुढे जुन्या गोष्टी जास्त आठवतात.

प्रश्न : केस विंचरायला घेतले की मुलगी आकांत करते.

दुखतं म्हणून. केस किंचित ओले करा, रुंद दातांचा कंगवा घ्या. गुंता आणि टाळू यांच्या मधला केस मुठीत घट्ट धरा म्हणजे ओढ मुळांना बसत नाही. टोकाकडून सुरुवात करून बोट-बोट वर सरका. वेणी सैल घाला. रोज घट्ट बांधल्यानं कपाळाजवळचे केस गळतात. झोपवताना रबर काढून टाका.