अंतानानारिव्होहून आलेल्या चार ओळी

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की ज्या देशांत मोठ्या वृत्तसंस्थांचा कायमचा माणूस नसतो, तिथली बातमी आता तिथलेच शिक्षक, विद्यार्थी, कारकून एक पैसाही न घेता लिहितात. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेते.

*ताई, आमच्या वाचनालयात तीन पेपर येतात. परदेश म्हणजे अमेरिका, पाकिस्तान आणि चीन. आफ्रिकेत ५४ देश आहेत असं मी वर्गात शिकवतो, पण त्यांतल्या निम्म्या देशांचं नावही वर्षभरात पेपरात दिसत नाही. तिथे काही घडत नाही, की कोणी लिहीत नाही?*
— एक शिक्षक, अंबाजोगाई

सर, घडतं आणि लिहिलंही जातं. ते तुमच्या वाचनालयापर्यंत पोचत नाही, त्यात माझ्यासारख्यांचा वाटा आहे.

सोलापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर मी एकतीस वर्षं काम केलं. त्यांतली अकरा वर्षं परदेशाचं पान माझ्याकडे होतं. ७ फेब्रुवारी २००९ ही शनिवारची रात्र मला नीट आठवते. मादागास्करची राजधानी अंतानानारिव्होमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर चालून आलेल्या मोर्चावर रक्षकांनी गोळ्या झाडल्या होत्या. वृत्तसंस्थेकडून आलेला मजकूर, म्हणजे एजन्सीची कॉपी, बरी होती, दीडशे-दोनशे शब्दांची. पान सोडायला वीस मिनिटं उरली होती आणि खाली डाव्या कोपऱ्यात तेवढी जागा रिकामी होती. मी त्या कॉपीच्या चार ओळी केल्या आणि फिलर म्हणून लावल्या. त्या दिवशी तिथे किमान २८ माणसं मेली. त्यांत एका स्थानिक वाहिनीचा वार्ताहरही होता. माझ्या चार ओळींत तो नव्हता, आणि लोक राजवाड्यावर का गेले होते तेही नव्हतं.

ते 'का' मला दोन महिन्यांनी कळलं. भाचीने सांगितलं म्हणून 'ग्लोबल व्हॉइसेस' या संकेतस्थळावर मादागास्करच्या लोकांनी स्वतः लिहिलेला मजकूर वाचायला बसले. काही मजकूर फ्रेंचमधून, काही मालागासीतून इंग्रजीत आणलेला होता. कोणी राजधानीत बसून लिहीत होतं, कोणी परदेशात शिकताना घरच्यांशी फोनवर बोलून. राजधानीचे महापौर रजोएलिना यांची दूरचित्रवाणी वाहिनी सरकारने डिसेंबर २००८ मध्ये बंद पाडली, तिथून ठिणगी पडली. पण खाली आधीच बरंच काही पेटत होतं. एका कोरियन कंपनीला ९९ वर्षांसाठी तब्बल १३ लाख हेक्टर जमीन देण्याचा करार होऊ घातल्याची बातमी नोव्हेंबरात बाहेरून आली होती. स्वतःच्या जमिनीबद्दल लोकांना परक्या वर्तमानपत्राकडून कळलं, हा अपमान त्या लिखाणात ओळीओळीला होता.

सर, मी ते वाचून सुन्न झाले. त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २००८ मध्ये, आपल्या रायगडात पेण तालुक्यातल्या २२ गावांनी सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं होतं. ती बातमी मी चार कॉलम लावलेली पाहिली होती. मादागास्करच्या शेतकऱ्याचं दुखणं आमच्या वाचकाला एका वाक्यात कळलं असतं. ते वाक्य माझ्याकडे नव्हतं, आणि ते कुठे शोधायचं हेही मला ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रावालोमानाना पायउतार झाले, रजोएलिना सत्तेवर आले, जमिनीचा तो बेत रद्द झाला. ती बातमी मात्र मी मोठी लावली.

हे 'ग्लोबल व्हॉइसेस' २००४ च्या अखेरीस हार्वर्ड विद्यापीठातल्या एका बैठकीतून सुरू झालं. रेबेका मॅकिनन या सीएनएनच्या बीजिंगमधल्या जुन्या ब्युरो प्रमुख आणि एथन झुकरमन हे घानात काम केलेले गृहस्थ, हे दोघे त्याचे संस्थापक. संपादकांच्या एका छोट्या गटाला मानधन मिळतं. लिहिणारे आणि भाषांतर करणारे बहुतेक स्वयंसेवक. एका तैवानी विद्यार्थ्याने मनानेच तिथला मजकूर चिनीत आणायला सुरुवात केली, आणि त्यातून २००७ मध्ये भाषांतराची वेगळी शाखा उभी राहिली. मालागासीतही तिथे भरपूर भाषांतर होतं. म्हणजे मादागास्करचा माणूस जगाला आपली बातमी सांगतो आणि जगाची आपल्या भाषेत नेतो. मला यातलं दुसरं काम जास्त मोठं वाटतं.

झुकरमन यांनी पुढे एक गोष्ट प्रांजळपणे मांडली. दूरच्या लोकांचं बोलणं उपलब्ध करून दिलं की जग ते वाचेल, असं सुरुवातीला त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. बोलणारे पुष्कळ निघाले, ऐकणारे वाढले नाहीत. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे, सर. तुमच्या वर्गात ५४ नावांपैकी एक नाव दर महिन्याला घ्या आणि तिथल्याच माणसाने लिहिलेलं एक पान मुलांना वाचून दाखवा. सुरुवात मादागास्करपासून केलीत तर मला बरं वाटेल.

*फुकट लिहिणाऱ्याच्या लिखाणावर विश्वास कसा ठेवायचा? ना संपादक, ना नोकरी जायची भीती. कोणीही काहीही लिहील.*
— निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

तुमची शंका रास्त आहे. मी स्वतः फसले आहे.

२०११ मध्ये सीरियात उठाव सुरू झाला तेव्हा दमास्कसमधल्या एका तरुणीचं लिखाण जगभर वाचलं जात होतं. अमीना असं नाव ती लावायची. धीट, रसाळ, घरातल्या गोष्टींनी भरलेलं लिखाण. मी त्यातले दोन उतारे एका महिला त्रैमासिकासाठी मराठीत केले. जूनमध्ये बातमी आली, की तिला पळवून नेलं. मी दोन रात्री धड झोपले नाही. आठवड्याभरात उघड झालं, की अमीना नावाची कोणी नव्हतीच. एडिंबरात शिकणारा ४० वर्षांचा एक अमेरिकन पुरुष ते लिहीत होता.

मला सर्वांत लागलं ते सीरियातल्या खऱ्या लिहिणाऱ्यांचं म्हणणं. तिला सोडवण्यासाठी त्यांनी स्वतःला धोक्यात घालून चौकशा केल्या होत्या, आणि आता त्यांच्या प्रत्येक शब्दावर लोक संशय घेणार होते. पण हे बिंग फुटलं कसं? वाचक आणि पत्रकार मिळून साधे प्रश्न विचारत गेले: तिला प्रत्यक्ष भेटलेलं कोणी आहे का? फोनवर आवाज ऐकलाय का? फोटो तिचाच आहे का? फोटो लंडनमधल्या एका भलत्याच बाईचा निघाला.

मी छापण्याआधी यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. आता विचारते. लिहिणाऱ्याला त्या गावात ओळखणारं दुसरं कोणी आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो. पगार आहे की नाही, हे मी विचारत नाही. पगारी माणसाने दुसऱ्या देशातल्या हॉटेलात बसून लिहिलेली कॉपीही मी आयुष्यभर हाताळली आहे. ज्याला उद्या त्याच बाजारात भाजी आणायला जायचं आहे, तो त्या बाजाराबद्दल फार खोटं लिहू शकत नाही. शेजारी त्याला दारात गाठतात.

*ताई, मुलगी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणी मिळून सुदान, इथिओपिया अशा देशांतल्या मुलामुलींकडून मजकूर मागवायचा आणि मराठीत आणायचा, असं त्यांनी ठरवलंय. पैसे कोणी देणार नाही, ते चालेल. पण तिच्या जिवाला काही होणार नाही ना? तिचे बाबा घाबरलेत.*
— एक आई, कोल्हापूर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही इथिओपियाचं नाव घेतलंत, म्हणून तिथलीच हकिगत सांगते. ती लेकीलाही वाचायला द्या.

आदिस अबाबात कालिती नावाचा तुरुंग आहे. त्याचे आठ विभाग, तिथे त्यांना झोन म्हणतात. २०१२ च्या सुमारास काही तरुण तिथे कैदेत असलेल्या पत्रकारांना भेटायला जायचे. आत बोलता बोलता विषय निघाला, की आठ झोन भिंतीच्या आत आहेत आणि नववा झोन म्हणजे बाहेरचा सगळा देश. या मित्रमंडळींनी एकत्र लिहायला सुरुवात केली, तेव्हा नाव घेतलं 'झोन नाइन'. ते अम्हारिक भाषेत लिहीत. कोणी प्राध्यापक, कोणी इंजिनिअर, कोणी नोकरदार. सरकार पाडा असं काही ते लिहीत नव्हते. आपल्याच राज्यघटनेत लिहिलेले हक्क पाळा, एवढं त्यांचं म्हणणं. त्यांच्यातले काहीजण ग्लोबल व्हॉइसेससाठीही स्वेच्छेने काम करत.

२५ एप्रिल २०१४ ला त्यांच्यातल्या सहाजणांना उचललं, त्याच सुमारास आणखी तीन पत्रकारांनाही. जुलैत आरोप ठेवले ते २००९ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली. संगणकावरचा मजकूर सुरक्षित कसा ठेवावा याचं प्रशिक्षण घेतलं, हाही पुरावाच धरला गेला. मग तारखांवर तारखा. पाचजण जुलै २०१५ मध्ये सुटले, तेही ओबामांच्या दौऱ्याच्या तोंडावर. उरलेल्यांवरचे दहशतवादाचे आरोप ऑक्टोबरमध्ये न्यायालयात टिकले नाहीत. बेफेकादू हैलू यांच्यावर मात्र चिथावणीचा आरोप कायम ठेवून त्यांना जामिनावर सोडलं. जवळजवळ दीड वर्ष आत, तेही अशा लिखाणासाठी ज्याचा त्यांना कोणी मोबदला देत नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या लेकीला कोल्हापुरात बसून भाषांतर करताना फार धोका आहे असं मला वाटत नाही. तिच्या बाबांना तसं सांगा. धोका आहे तो तिला मजकूर पाठवणाऱ्या मुलीला. आणि तो धोका वाढवायचा की कमी करायचा, हे तुमच्या लेकीच्या हातात राहणार आहे. माझी काळजी तिथे आहे.

म्हणून तिला सांगा: पाठवणारीने नाव छापा म्हटलं, तरी एक आठवडा थांबून पुन्हा विचार. नाव काढून टाकलं म्हणजे माणूस लपतो असं नाही. 'बसस्थानकासमोरच्या दवाखान्यातली नर्स' म्हटलं, तर त्या गावाला पुरे. मी एकदा एका निनावी पत्रात आईच्या माहेरचं गाव तसंच ठेवलं होतं, आणि पत्र लिहिणारी मुलगी चार दिवसांत ओळखली गेली. तिच्यावर घरात जे गुदरलं ते तिने मला नंतर सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक मजकूर लिहिणारीच्या गावच्या सर्वांत खवट माणसाच्या नजरेने वाचल्याशिवाय मी पुढे देत नाही.

फोटोची मूळ फाइल जपून ठेवायची, पण छापताना त्यातली ठिकाणाची नोंद काढायची. पाठवणारीने 'हे काढून टाक' म्हटलं की कारण न विचारता त्याच क्षणी काढायचं. आणि पाठवणारी गप्प झाली, तर तिच्याबद्दल कुणाला कळवायचं, हे दोघींनी पहिल्याच दिवशी ठरवून ठेवायचं. झोन नाइनच्या अटकेची बातमी जगभर तातडीने गेली, कारण त्यांना नावानिशी ओळखणारे सहकारी बाहेर होते आणि ते दीड वर्ष बोलत राहिले.

तिला करू द्या. मी तिच्या वयाची असताना हे करणाऱ्या मैत्रिणी मला हव्या होत्या.

*मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे. घरी गोंडी, शाळेत मराठी. माझ्यासारख्याने या कामात काय करावं?*
— बारावीचा विद्यार्थी, गडचिरोली जिल्हा

अरे, तुझ्याकडे दोन भाषा आहेत आणि त्यांतली एक डेस्कवर बसलेल्या एकालाही येत नाही.

हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला, तेव्हा लोकांना ४६३६ या क्रमांकावर फुकट संदेश पाठवता येत होते. संदेश येत होते हैतीच्या क्रेओल भाषेत, आणि मदतीला आलेल्या परदेशी पथकांना ती कळत नव्हती. अमेरिका-कॅनडात राहणारे हैतीचे लोक रात्र रात्र जागून ते भाषांतरित करत होते. कुठली गल्ली, कुठल्या चर्चमागे, हे तिथे वाढलेल्यालाच कळायचं. ज्या प्रणालीतून या जागा नकाशावर चढत होत्या ती केनियात, निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात, २००८ च्या सुरुवातीला तयार झाली होती. तिचं नाव 'उशाहिदी', स्वाहिलीत साक्ष. आपण 'शहीद' म्हणतो तो शब्द त्याच अरबी मुळातला.

आणि तुझ्या जिल्ह्याला लागूनच, छत्तीसगडात, शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. एका क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन आला की आपल्या भाषेत निरोप बोलायचा. गोंडीतसुद्धा. हातपंप बंद आहे, मजुरी थकली आहे, आणि संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबरही त्यातच सांगायचा. तपासून झालं की तो निरोप सगळ्यांना ऐकता येतो, आणि ऐकणारे त्या अधिकाऱ्याला फोन लावतात. इंग्रजीची गरज कुठेच पडत नाही.

तू एक निरोप तयार कर. दोन मिनिटांचा, गोंडीत. तारीख, गाव, कोणी पाहिलं, कधीपासून. मग त्याच्याखाली मराठीत लिहून मला मासिकाच्या पत्त्यावर पाठव. माझ्या ओळखीच्या एक गोंडी जाणणाऱ्या शिक्षिका आहेत. त्यांच्याकडून तुझं मराठी मूळ बोलण्याशी ताडून घेते आणि पुढच्या अंकात किती जागा देता येईल ते बघते. चार ओळींपेक्षा जास्त नक्की.