६२,००० डॉलरची एमएस की ४६ डॉलरचं युनिट?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका ताईंचं पत्र आलंय. सांगलीहून बीई सिव्हिल, पुण्यात तीन वर्षं सांडपाणी प्रकल्पांच्या डिझाइनचं काम, मग लग्न, एच-फोर (नवऱ्याच्या नोकरीवर मिळणारा जोडीदाराचा व्हिसा), मुलगी. नवऱ्याचा आय-१४० (कंपनीनं ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झाल्यामुळे आता ईएडी, म्हणजे नोकरी करायचा परवाना, हातात आहे. एका खासगी विद्यापीठात एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या एमएसला प्रवेश मिळतोय, खर्च ६२,००० डॉलर. बचत ४५,०००, बाकीच्यासाठी हडपसरचा फ्लॅट विकायचं चाललंय. दुसरा पर्याय जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे स्वस्तातल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा: इंग्रजी, थोडं इंजिनिअरिंग, थोडं पर्यावरणशास्त्र. त्यावर घरचं मत, 'बीई झाल्यावर परत आयटीआय कशाला?'

ताई, तुमच्या पत्रातले आकडे मी नंतर पाहिले. आधी अडलो ते इंटरव्ह्यूच्या प्रसंगापाशी. तुम्ही लिहिलंय, 'प्रश्न कळला होता, उत्तरही येत होतं, पण वाक्य जुळेपर्यंत त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.' असं दोनदा झालं. दोन्ही ठिकाणी तुमची पदवी बघूनच बोलावलं होतं ना? मग पदवी आडवी आली कुठे? अडलं बोलण्यात, आणि आठ वर्षांच्या खंडात. या दोन्हींवर ६२,००० डॉलर खर्च करायचे म्हणजे नळ गळतोय म्हणून बंगला बांधायला काढणं.

आता हिशेब. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. तीन युनिटचं कॅड आणि प्रयोगशाळेसह चार युनिटचं पर्यावरणशास्त्र घेतलं, तर एका सत्राचे ३२२. पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या. इंग्रजीसाठी नॉनक्रेडिट ईएसएल (परभाषकांसाठीचे, पदवीत न मोजले जाणारे इंग्रजीचे वर्ग) घ्या, ते फुकट असतं. कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवताना 'मला व्याकरण येतं, बोलायचा वर्ग हवाय' असं स्पष्ट सांगा, नाहीतर परत टेन्स गिरवत बसाल. सगळं धरून वर्षभरात दोन हजारांच्या आत भागेल.

एक मात्र सांभाळा. ४६ चा दर हवा असेल, तर सत्र सुरू होण्याआधी वर्षभर इथं राहिल्याचा आणि इथंच राहायचा इरादा असल्याचा पुरावा लागतो. एच-फोरवाल्यांना तो देता येतो. लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न, भाडेकरार काढून ठेवा. नॉनरेसिडेंट म्हणून नोंद झाली, तर तेच युनिट कित्येक पटींनी महागात पडतं. (नात्यातलं कुणी पुण्याहून एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, यायचं म्हणत असेल, तर त्याला हे गणित सांगू नका. त्याला हा दर मिळत नाही.)

असोसिएट डिग्रीच्या नादाला मात्र लागू नका. साठ युनिटं पुरी करून बीईच्या खालची पदवी घेण्यात काय हशील? लागतील तेवढेच कोर्स उचला आणि जोडीला एफईची (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग, इंजिनिअरच्या लायसन्सची पहिली पायरी) परीक्षा द्या. ११० प्रश्नांची ही परीक्षा सिव्हिलवाल्यांना जुन्या पुस्तकांवर पास करता येते, आणि रेझ्युमेवर या वर्षाची तारीख दिसली की तो आठ वर्षांचा खंड डोळ्यांत कमी खुपतो. सांडपाण्याचं काम केलंयत, म्हणून आणखी एक सुचवतो: पाणी शुद्धीकरणाच्या ऑपरेटरचं सर्टिफिकेट इथं राज्याचं वॉटर बोर्ड देतं, टी-१ ते टी-५. त्याच्या तयारीचे कोर्स काही कम्युनिटी कॉलेजांत असतात. आयटीआय म्हणणाऱ्यांनी या नोकऱ्यांचे पगार एकदा बघावेत.

टॅक्समध्ये सूट मिळेल, असं तुम्ही गृहीत धरलंय. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट एकेका कोर्सवरही मिळतं, हे खरं. पण नवराबायकोचं एकत्र उत्पन्न १,८०,००० डॉलरला पोचलं की ते शून्य होतं. तुमच्या घरात एकट्या पगाराचेच १,९५,००० आहेत. तेव्हा ती आशा सोडा.

मला खरी धास्ती वाटते ती त्या ४५,००० ची. घर एका पगारावर, आणि तो पगार एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर. उद्या ले-ऑफ झाला तर नवी नोकरी शोधायला हातात फार तर साठ दिवस. तुमचं ईएडीसुद्धा त्याच दोरीला बांधलेलं. त्या साठ दिवसांत भाडं कशातून भरणार? ही रक्कम फीमध्ये गेली, तर एमएसच्या मधल्या सत्रात घरी परतायची तिकिटं क्रेडिट कार्डावर काढावी लागतील.

फ्लॅटचंही तसंच. एनआरआयनं विकला की खरेदीदार टीडीएस नफ्यावर नाही, बहुधा पूर्ण किमतीवर कापतो. कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही, तर पैसे रिटर्न भरून परत येईपर्यंत अडकतात. मग इथं आयआरएसला (अमेरिकेच्या आयकर खात्याला) तोच नफा पुन्हा दाखवायचा, तिकडे भरलेल्या कराची वजावट मागायची. फीचा हप्ता काही त्यासाठी थांबणार नाही.

एमएस कायमची सोडा असं मी म्हणत नाही. दोन सत्रांनंतरही इंटरव्ह्यूत पदवीवरूनच नकार आला, तर सरकारी विद्यापीठाचा रहिवासी दर बघू. तो खासगीपेक्षा बराच खाली असतो.

आणि मुलगी १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षांची होतेय म्हणता, म्हणजे पब्लिक शाळेतलं टीके (ट्रान्झिशनल किंडरगार्टन, किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग) तिला फुकट मिळेल. डेकेअरचे महिना दोन हजार वाचतील. तेव्हा कॅड आणि पर्यावरणशास्त्र फॉल सत्रात, म्हणजे तिची शाळा सुरू होईल तेव्हाच्या सत्रात घ्या. ईएसएलच्या संध्याकाळच्या वर्गाला मात्र या महिन्यातच नाव घाला. दोन तास लेकीला बाबांनी सांभाळावं.