बरगडीवर टॅटू काढताना किती दुखतं? कोणत्या भागावर कमी आणि कोणत्या भागावर जास्त त्रास होतो?

तुमचा पहिलाच टॅटू, डाव्या बरगडीवर देवनागरीत एक ओळ हवी आहे, मैत्रिणी "तिथे नकोच" म्हणून घाबरवताहेत आणि तुम्हाला कमीत कमी दुखणारी जागा हवी आहे, असा प्रश्न आहे. अजिबात न दुखणारी जागा नसते. बरगडी दुखऱ्या जागांमध्ये वरच्या नंबरावर आहे हे खरंच. पण फक्त जागा बघून ठरवू नका. दंडाच्या सोप्या भागावर सलग पाच तास बसणं हे बरगडीवर चाळीस मिनिटं पडून राहण्यापेक्षा बहुतेकांना जास्त जड जातं. जागेइतकाच "तिथे सुई किती वेळ चालणार" हाही प्रश्न विचारायला हवा, आणि तो फारसं कुणी विचारत नाही.

सुई कातडीत साधारण १ ते २ मिलिमीटर जाते आणि सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा वरखाली होते. शाई वरच्या पापुद्र्यात राहिली तर काही आठवड्यांत झडून जाते, म्हणून ती त्याखालच्या थरात सोडावी लागते आणि वेदनेचे मज्जातंतू नेमके तिथेच असतात. बारीक सुयांनी रेषा ओढताना, म्हणजे लायनिंगला, दुखणं टोकदार असतं: उन्हात भाजलेल्या कातडीवर मांजराने सावकाश ओरखडा काढावा तसं. शेडिंग आणि रंगभरणीला रुंद, चपट्या रांगेच्या सुया वापरतात. त्यांचं दुखणं बोथट, पण जळजळीचं असतं आणि साचत जातं. छोट्या कामात लायनिंग नकोसं वाटतं, मोठ्या कामात शेवटचा तास. पांढरा रंग जास्त दुखतो असं म्हणतात, त्यात त्या रंगाचा काही दोष नाही. तो बहुधा सगळ्यात शेवटी भरतात आणि तोवर कातडी सुजून हुळहुळी झालेली असते. त्या अवस्थेत साबणपाण्याने टिश्यू फिरवून शाई पुसणंही झोंबतं.

आता जागा. पुढचे आकडे १० पैकी आहेत आणि अंदाजाने घ्यायचे. माणसागणिक दोनेक अंक इकडेतिकडे सहज होतात.

दंडाची बाहेरची बाजू, मांडीची बाहेरची आणि समोरची बाजू, पोटरीचा मांसल भाग, कोपर ते मनगटामधली वरची बाजू हे सगळं ३ ते ४. इथे कातडी घट्ट आणि खाली स्नायू असतो, त्यामुळे हादरा हाडापर्यंत पोचत नाही. खांद्याची पाती आणि वरची पाठही याच गटात येतात, फक्त हाडाच्या कडेवर सुई आली की एखादा अंक वाढतो. मात्र खांदा, वरची पाठ आणि छातीचा मधला भाग या जागी जखम भरताना जाड, उंचवट्यासारखा व्रण म्हणजे कीलॉइड उठण्याची शक्यता जास्त असते. कान टोचल्यावर गाठ आली असेल किंवा घरात कुणाला अशी खोड असेल, तर दुखणं कमी आहे म्हणून खांदा निवडू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

हाताची आतली बाजू, कोपराखालपासून मनगटापर्यंत, ४ ते ५. मनगटाच्या घडीजवळची शेवटची दोन बोटं जागा ६ वर जाते, तिथे कातडी पातळ आणि शिरा वर आलेल्या असतात. "आई" किंवा छोटं ॐ असं बरंच पहिलं काम नेमकं तिथेच होतं आणि ते वीस मिनिटांत संपतं म्हणून निभतं. कानामागे दुखणं ५-६, पण कवटीतून घुमणारा मशीनचा आवाज काहींना दुखण्यापेक्षा नको होतो. मानेची मागची बाजूही तेवढीच. गळ्याचं हाड ६, तिथे कंप थेट खांद्यापर्यंत जाणवतो. महाराजांचं चित्र छातीवर हवं असेल तर लक्षात घ्या: छातीचा बाहेरचा मांसल भाग ५, पण चित्र मधल्या हाडाकडे सरकलं की ८. आणि दाढी-जिरेटोपाचं बारीक शेडिंग हे चार-पाच तासांचं काम आहे. तेच चित्र दंडावर किंवा पोटरीवर घेतलं तर तास तेवढेच लागतात, दुखणं बरंच कमी.

दंडाची आतली बाजू फसवी असते. बाहेरून ३ म्हणून माणूस दंडाभोवतीची पट्टी घ्यायला बसतो आणि हात वर करून आतली बाजू पुढे आली की ७-८ चा झटका बसतो. तिथली कातडी मऊ, पातळ, उन्हाचा स्पर्श न झालेली आणि संवेदनशील असते. पट्टी घ्यायचीच असेल तर आतला भाग आधी उरकायला सांगा, अंगात दम असताना. मांडीची आतली बाजू तशीच. कोपराच्या आतली घडी आणि गुडघ्यामागची घडी ७ ते ८. कोपराचं टोक आणि गुडघ्याची वाटी इथेही तेवढंच, पण जात वेगळी: घडीत जळजळ होते, हाडावर ठोके बसतात. कोपराच्या आतल्या कडेला सुई आली की करंगळीपर्यंत मुंग्या येऊ शकतात, कारण तिथून जाणारा मज्जातंतू कातडीच्या फार जवळ आहे. त्याने घाबरू नका, फक्त हात झटकू नका.

नडगी, घोटा, पावलाची वरची बाजू ७ ते ८. पावलावर काम करताना पाय आपोआप उडतो, म्हणून तिथे रेषा थरथरीत येण्याचं प्रमाण जास्त. पाठीच्या कण्यावरची उभी रेघ ७. पोट ६ ते ८, बेंबीभोवती जास्त. मऊ पोटाची कातडी ताणून धरणं आर्टिस्टलाही कठीण जातं, आणि नीट न ताणलेल्या कातडीवर तीच रेष पुन्हा काढावी लागते. काख ९ ते १०. पहिल्यांदा काख निवडणाऱ्याला समजावण्यात मी वेळ घालवणार नाही.

बोटं आणि तळहात यांचं गणित वेगळं आहे. दुखतं ७-८, वेळ लागतो दहा-पंधरा मिनिटं, पण कातडी तिथे सतत झिजते आणि बदलते, त्यामुळे शाई पुसट होते किंवा तुटक राहते. मग पुन्हा काढा, पुन्हा दुखवा. बोटाच्या बाजूवरच्या नाजूक डिझाइनचे ताजे फोटो बघून भुलू नका. दोन वर्षांनंतरचा फोटो मागा.

आता तुमची बरगडी. ८ धरा. कातडी पातळ, खाली चरबी फारशी नाही, लगेच हाड, बरगड्यांच्या मधून मज्जातंतू जातात, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तुमचा श्वास. प्रत्येक श्वासाबरोबर जागा हलते. देवनागरीत अडचण आणखी वाढते ती शिरोरेषेमुळे. रोमन लिपीतलं अक्षर किंचित वरखाली झालं तरी खपून जातं, पण लांब शिरोरेषा बरगड्यांच्या उंचसखल भागावरून जाताना जरा हलली तरी आयुष्यभर दिसते. चांगला आर्टिस्ट ती एका दमात ओढत नाही. श्वास सोडून झाल्यावर जी क्षणभर स्थिरता येते, तेवढ्यात शब्दाशब्दाने पुढे जातो. तुम्ही श्वास कोंडून धरू नका, त्याने चक्कर येते आणि शेवटी मोठा श्वास उसळतोच. छोटे, संथ श्वास घ्या आणि सोडताना किंचित लांबवा.

अक्षरं फार बारीक करायचा मोह होईल, कारण कमी काम म्हणजे कमी दुखणं. तो टाळा. शाई वर्षानुवर्षं कातडीत थोडी पसरते, त्यामुळे 'श्री', 'क्ष', 'द्ध' अशा अक्षरांमधल्या फटी बुजून जातात. अक्षराची उंची, मात्रा सोडून, निदान एक सेंटिमीटर ठेवा. अशी चार-पाच शब्दांची ओळ म्हणजे साधारण ४० ते ६० मिनिटांचं काम. स्टेन्सिल, म्हणजे सुई लावण्याआधी कातडीवर उमटवतात तो डिझाइनचा कच्चा ठसा, उभं राहून, हात खाली सोडून लावून घ्या. झोपून हात डोक्यावर घेतलेल्या अवस्थेत लावलेलं स्टेन्सिल उठल्यावर वाकडं दिसतं. आणि ऱ्हस्वदीर्घ तिथल्या तिथे, आरशात नव्हे तर फोटो काढून तपासा. आरशात उलटं वाचताना चूक निसटते. ओळ शक्यतो ब्राच्या पट्ट्याच्या खाली किंवा वर येऊ द्या, बरोबर पट्ट्यावर नको.

बधिर करणाऱ्या मलमाबद्दल. लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के असलेलं मलम औषधांच्या दुकानात मिळतं. ते नुसतं चोळून उपयोग नाही. जाड थर देऊन वर क्लिंग फिल्म लावून किमान तासभर ठेवावं लागतं, काढल्यावर परिणाम एक ते दोन तास टिकतो. एका ओळीसाठी ते पुरेसं आहे आणि माझा त्याला विरोध नाही. पण आर्टिस्टला आधी विचारा. मलमाने कातडी फिकट आणि थोडी रबरासारखी होते, काहींना त्यावर काम करायला आवडत नाही. मोठ्या कामाला मी ते सुचवणार नाही: असर मध्येच उतरतो आणि शरीराला सवय झालेली नसताना सगळं दुखणं एकदम समोर येतं. शिवाय पाठभर मलम फासून प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचंही आहे. जास्त औषध रक्तात गेलं तर हृदयाच्या ठोक्यांवर आणि रक्तातल्या प्राणवायूवर परिणाम होतो. ४ टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेन असल्याचं सांगत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मलमांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये इशारा दिला होता. हृदयविकार असेल, गरोदर असाल किंवा जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

त्या दिवशी दीड-दोन तास आधी पोटभर खा. उपवासाच्या दिवशी अपॉइंटमेंट घेऊ नका. खुर्चीत चक्कर येण्यामागे बऱ्याचदा रिकामं पोट आणि भीती ही जोडी असते. रक्तदाब अचानक उतरतो, घाम फुटतो, कानात दडे बसतात. तसं वाटायला लागताच सांगा, आडवं व्हा, पाय वर घ्या, मग साखरपाणी. धीर दाखवण्याच्या नादात गप्प बसलात तर हिसका बसेल तो रेषेला. आदल्या रात्री दारू नको, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका, रक्त जास्त येतं आणि शाई धुऊन जाते. मात्र डॉक्टरांनी रोजची दिलेली असेल तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि पाळीचे पहिले दिवस बऱ्याच जणींना जास्त दुखतं. शक्य असेल तर पुढची तारीख घ्या. बाजूने उघडता येईल असा सैल सुती शर्ट घाला.

काम चालू असताना दुखणं कसं बदलतं त्याकडे लक्ष द्या. पहिली पाच-सात मिनिटं सगळ्यात वाईट वाटतात, मग शरीर स्वतःचं वेदनाशामक सोडतं आणि थोडं बधिर होतं. दोन-अडीच तासांनंतर ते सरतं. मध्येच एका ठिकाणी दुखणं खूप खोल जाऊ लागलं, रक्त भळभळायला लागलं, किंवा तीच रेष पाच-सहा वेळा गिरवली जात असेल, तर तो तुमचा नाजूकपणा नाही. सुई गरजेपेक्षा खोल जाते आहे. तेव्हा थांबायला सांगा. खोल गेलेली शाई रेषेच्या आजूबाजूला निळसर पसरते, आणि पातळ कातडीवर, म्हणजे बरगडी, मनगट, दंडाची आतली बाजू इथे, ती चटकन पसरते. ती परत आत घेता येत नाही. जत्रेत उघड्यावर बसून एकाच सुईने सगळ्यांना गोंदणाऱ्याकडे तर जाऊच नका. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका तिथे खरा आहे. सुई तुमच्यासमोर पाकीट फोडून काढली पाहिजे, शाई छोट्या कपात वेगळी ओतली पाहिजे.

नंतरचे दोन-तीन दिवस जागा गरम, ठणकणारी राहते. त्या वेळी कोणती जागा छळेल हे कपडे आणि सवयी ठरवतात. बरगडीला ब्रा आणि कुशीवर झोपणं, कमरेला जीन्स किंवा परकराची नाडी, पावलाला चपलेचा पट्टा, मानेला हेल्मेट. ढोलपथकात असाल तर गणपतीच्या आधी महिनाभर कमरेवर किंवा बरगडीवर काहीही काढू नका. कमरेला बांधलेला ढोल ताज्या टॅटूवर तासन्‌तास घासला तर खपली उखडून शाई जाते. वरची कातडी भरायला दोन ते तीन आठवडे लागतात, तोवर पोहणं आणि थेट ऊन नको. लाली दिवसागणिक पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

दुखण्याशी संबंध नाही, पण जागा ठरवताना हेही बघा. टॅटूनंतर आपल्याकडे १२ महिने रक्तदान करता येत नाही. आणि सैन्यभरतीचा विचार असेल तर बरगडी बाद: तिथे साधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढीच चालते, आदिवासी समाजांच्या पारंपरिक गोंदणाला सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तर हाताची ती आतली बाजूही डावीच, कारण सॅल्यूट उजव्याने.