काटा हिरव्यात, तरी गॅस संपला

प्रश्न : सिलिंडरवर दाबाचा काटा बसवून घेतला आहे. थंडीत सकाळी तो लाल पट्ट्यात असतो, दुपारी आपोआप हिरव्यात येतो. भोगीच्या आदल्या रात्री हिरव्यात होता आणि सकाळी बाजरीच्या भाकरी अर्ध्या झाल्या असताना गॅस संपला. काटा बिघडलाय का? उरलेला गॅस नेमका कसा मोजायचा?
– एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, काटा बिघडलेला नाही. तो दाब दाखवतो, साठा नाही. सिलिंडरमध्ये गॅस पातळ रूपात असतो आणि त्याच्या वाफेचा दाब ठरतो तो तापमानावर. आत पातळ गॅस निम्मा असो की चार बोटं, दाब तोच. म्हणून पहाटेच्या गारठ्यात काटा उतरतो, ऊन चढलं की वर येतो. पातळ गॅस पूर्ण संपल्यावरच दाब खऱ्या अर्थाने पडतो. तोवर उरलेली असते ती एखाद-दोन तासांची वाफ. परदेशात अंगणात पुरलेल्या प्रोपेनच्या टाकीत तरंगता फ्लोट असतो, तो पातळी टक्क्यांत दाखवतो. आपल्या सिलिंडरमध्ये तसं काही नसतं.

खात्रीचा उपाय वजनाचा. सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं, समजा १५.८ किलो. (शेजारचं अक्षर आणि वर्ष तपासणीच्या मुदतीचं असतं, ते यात धरू नका.) शेगडी व रेग्युलेटर बंद करून रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि सिलिंडर ५० किलोच्या वजनकाट्यावर उभा ठेवा. बूड नीट बसत नसेल तर खाली फळी घ्या, तिचं वजन वजा करा. १९.६ भरलं तर गॅस ३.८ किलो. १४.२ किलोचा सिलिंडर तुम्हाला ४० दिवस पुरत असेल तर रोजचा खर्च साधारण ३५५ ग्रॅम, म्हणजे अजून दहा दिवस निघतील. आमच्या मते ३ किलोवर आल्यावर नंबर लावावा; सणाच्या तोंडावर त्याहून आधी.

वजनकाटा नसेल तर ओलं फडकं. शेगडी पंधरा मिनिटं मोठ्या आचेवर चालली की वाफ होताना आतला पातळ गॅस थंड होतो. फडकं वरून खालपर्यंत फिरवा. वरचा भाग आधी वाळतो, खालचा ओला राहतो. त्या सीमेवर खडूने रेघ मारा. सोलापूरच्या मे महिन्यात मात्र सगळंच झटकन वाळतं, तेव्हा यावर फार विसंबू नका.

आणि संपत आलेला सिलिंडर आडवा करून किंवा गरम पाण्यात ठेवून चालवू नका. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि शेगडीवर एकदम भडका उडू शकतो.